कासिमिरा फळीवर चढते

कासिमिराची थट्टा सगळ्यांत जास्त मीच केली, आणि तो माझा हक्क आहे. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे तिचं लग्न सातुर्निनोशी झालं, माझं ज्याच्याशी झालं त्याचं नाव मी घेत नाही, आणि दोघींची घरं आली भिंतीला भिंत लागून. तिच्याकडे मासा करपला की खोकला मला येतो. एवढं जवळचं माणूस साठीला आल्यावर रबरी सूट घालून समुद्रात सर्फिंग शिकायला निघालं, तर मी काय तिची आरती ओवाळू?

मी पेरूच्या किनाऱ्यावरच्या वांचाको गावात, धक्क्यापाशी बर्फाचे गोळे विकते. मेचेची गाडी म्हटलं की कोणीही दाखवेल. थंडीच्या धुक्यात गोळा कोण खातं, असं लोक विचारतात. कोणी खात नाही. पण घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा गाडी लावलेली बरी. शिवाय माझ्या गाडीपासून अख्खा किनारा दिसतो, त्यामुळे गावात कोणाचं काय चाललंय ते पाद्र्याच्या आधी मला कळतं.

आमच्याकडचे कोळी लव्हाळ्याच्या पेंढ्या बांधून केलेल्या होडीवर बसून मासे धरतात. पुढून चोच वर वळलेली, मागे मासे टाकायला खळगा. तिला आम्ही घोडाच म्हणतो. पुरुष अंधारात घोडे घेऊन लाटांच्या पलीकडे जातात, आणि आठच्या सुमाराला त्यांच्या बायका टोपल्या घेऊन वाळूत उतरतात. घोडा आला की ओढायचा, मासे काढून घ्यायचे, आणि पाणी निथळायला घोडा चोच वर करून उन्हात उभा करून ठेवायचा. बाईचं काम वाळूपासून सुरू होतं. पाण्यातलं तिचं नाही. बाई घोड्यावर चढली की मासा त्या जागेवरून उठतो, असं माझ्या आज्यानंही सांगितलं आणि त्याच्या आज्यानंही सांगितलं असेल.

सगळे घोडे आठला परत. सातुर्निनो मात्र बाराशिवाय यायचा नाही. कासिमिरा टोपली घेऊन उभी. ऊन डोक्यावर आलं तरी उभी. बायका चिडवायच्या, "तुझा नवरा एकेका माशाला पटवून आणतो काय गं?" ती म्हणायची, "मेहनती आहे तो." हे सांगताना मान अशी ताठ करायची की आम्हीच गप्प व्हायचो. आणि बाराला तो आला की खळग्यात जेमतेम रश्श्यापुरते मासे. विचारलं तर म्हणायचा, समुद्रच आटलाय. मग घरी जाऊन जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. भांडण नाही, मारहाण नाही. माझ्या घरात दोन्ही भरपूर होतं, म्हणून मला तिचा हेवा वाटायचा. पण त्या घरातून आवाजच येत नसे. मूल झालं नाही त्यांना, आणि त्यावर दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत. ती मनातल्या मनात सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसली होती, हे मला माहीत होतं.

सातुर्निनोला समुद्राने नाही नेलं, खोकल्याने नेलं, चांगला घरात, अंथरुणावर. आणि तो गेल्यावरही कासिमिरा आठला टोपली घेऊन वाळूत यायची. बायका सरकून तिला जागा करून द्यायच्या. एकेक घोडा यायचा, ज्याची बाई त्याच्याकडे धावायची, आणि शेवटी कासिमिरा आणि तिची टोपली, एवढंच उरायचं. सांगायची कोणाची छाती होत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "अगं, आता कोणाची वाट बघतेस?"

"कोणाची नाही. घर खायला उठतं," ती म्हणाली. मग माझ्याकडून एक गोळा घ्यायची. खायची नाही. हातात धरून उभी राहायची आणि लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. मला ते बघवत नसे, म्हणून मी तिला ओरडायची.

तर तो गेल्याला वर्ष झालं, चर्चमध्ये त्याच्या नावाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली. तिच्या अंगणात पंचवीसेक माणसं जेवायला होती. सातुर्निनोच्या बरोबरीने घोडा घालणारा बेलिसारिओ चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, पिऊन मोकळा झाला होता. तो म्हणाला, "वहिनी, असा माणूस होणे नाही. उजाडायच्या आत जाळं आवरून व्हायचं त्याचं. मग नुसता बसायचा. जाळं नाही, गळ नाही, काही नाही. आम्ही निघताना हाक मारायचो, चल रे! तर म्हणायचा, तुम्ही व्हा पुढे."

"किती वेळ बसायचा?" कासिमिराने विचारलं.

"तुम्हालाच ठाऊक. घरी कधी यायचा तो?"

तिच्या हातात रश्श्याचा डाव होता. तो तिने भांड्यात ठेवला आणि पुन्हा कोणाला वाढलं नाही, मी वाढलं. त्या मूर्खाला वाटलं आपण मयताचं कौतुकच केलं. संध्याकाळी माणसं गेल्यावर ती भिंतीपाशी आली. "मेचे, तो माझ्यापासून पळत होता का गं?"

"काहीतरीच बोलू नकोस. पुरुषांना लागते बसायला जागा."

"घरात जागा नव्हती? दोनच तर माणसं होतो."

तिला एकच जाणून घ्यायचं होतं. तिथे असं काय होतं, जे घरात नव्हतं? आणि ते इथे वाळूत बसून कळणार नव्हतं.

आधी ती बेलिसारिओकडेच गेली. मला एकदा घोड्यावर बसवून तिथवर ने म्हणाली. तो असा मागे सरला जसं काही हिने त्याचा हातच मागितला. "वहिनी, बाई चढली की मासा उठतो."

"आणि परदेशी बाया बसवून फिरवतोस तेव्हा नाही उठत?"

"त्या काठाकाठाने, फोटोपुरत्या. लाटांच्या पलीकडे नाही नेत मी कोणाला. आणि सातुर्निनोची बायको माझ्या घोड्यावर? गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

तेव्हा ती इलारिओकडे गेली. इलारिओ म्हणजे माझ्या चुलतबहिणीचा मुलगा, चाळिशीचा, पोट सुटलेला, धक्क्याजवळ सर्फिंगची शाळा चालवतो. दारावर मोठी पाटी, पहिल्याच दिवशी उभे राहा! कासिमिरा पाटी वाचून म्हणाली, "मला उभं नाही राहायचं. मला लाटांच्या पलीकडे जायचंय. तुझ्या या सर्फिंगच्या फळीला नियम नाही ना, बाई चढू नये असा?"

"फळीला काही नियम नाही, मावशी. पण पलीकडे कोणीही जातं. शिकायचं असतं ते परत यायला. लाट पकडून किनाऱ्याला यायला लागलीस की मग नेतो. पोहता येतं?"

"मी वांचाकोची आहे."

"हे उत्तर नाही झालं."

पहिले काही दिवस त्याने तिला नुसतं धक्क्याच्या कडेकडेने पोहायला लावलं. मग आला सूट. मी आणि इलारिओची बायको, आम्ही दोघी तिला त्या रबरात भरत होतो, मक्याच्या पानात सारण भरावं तशी. एक पाय आत गेला की दुसरा बाहेर. आमचे नाकी नऊ आले. मी म्हटलं, "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी आणखी दोन-चार टोमणे मारून घेतले.

वाळूत फळी ठेवून इलारिओ शिकवायचा. पोटावर झोप, हाताने वाळू मागे ढकल, आता हात टेकून एका झटक्यात उभी राहा! शेजारी तीन दिवसांच्या सुट्टीवर आलेली परदेशी मुलं टुणकन उठायची आणि ही एक गुडघा, मग दुसरा, मग "आई गं." जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांनी पाठ फिरवली. सातुर्निनोची बायको असली थेरं करते हे त्यांना बघवत नव्हतं.

पाण्यात गेल्यावर तर कहरच. फळीवर चढली रे चढली की ही गुडघे दुमडून टाचांवर बसायची आणि हात वल्हं शोधायचे. इलारिओ घसा फोडून ओरडायचा, "मावशी, पोटावर! पोटावर झोप!" पण जन्मभर हिने घोडेस्वारच पाहिलेले. डोळ्यांनी शिकलेलं अंग विसरत नाही. फळीचं नाक पाण्यात घुसायचं, ही पुढे, फळी वर. कशीबशी किनाऱ्याला लागली की पुढच्या बाजूला उडी मारायची, घोडा ओढायला मारतात तशी, आणि मागची लाट फळी आणून तिच्या पोटऱ्यांवर आपटायची. काळेनिळे पाय घेऊन ती माझ्याकडे यायची. मी गोळ्याचा बर्फ फडक्यात बांधून द्यायची. त्या थंडीत बर्फाचं तेवढं एकच गिऱ्हाईक होतं मला.

आणि मग फळीचं ते प्रकरण. अंगणात उठायचा सराव कर म्हणून इलारिओने तिला एक मऊ फळी घरी न्यायला दिली. दुसऱ्या दिवशी कडक ऊन. मी भिंतीवरून बघते, तर हिने फळी नाक वर करून भिंतीला उभी केलेली, ऊन सरकेल तशी फिरवतेय, मध्ये मध्ये पोटावर थापटून बघतेय निथळली का. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ओलं वाहन उन्हात उभं करायचं, हे आमच्यात पोरांनाही सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत फळीच्या अंगावर पुरीएवढे फोड आले.

इलारिओने कपाळावर हात मारला. "मावशी, हे काय लव्हाळं आहे? फोम आहे हा! सावलीत ठेवतात याला!"

"ओली होती. वाळवली."

"याच्या पोटात पाणी शिरतच नाही!"

"मग त्यात माझा काय दोष?" ती म्हणाली. मी हसून हसून खाली बसले. इलारिओने मग तीच फोड आलेली फळी तिला कायमची देऊन टाकली. दुसऱ्या कोणाला देण्याजोगी राहिलीच नव्हती.

महिने गेले. माझी थट्टाही जुनी झाली. परदेशी पोरं यायची, तीन दिवसांत उभी राहायची, एकमेकांना मिठ्या मारायची, फोटो काढून निघून जायची. दर आठवड्याला नवा घोळका, आणि त्यांच्या कडेला एकटी कासिमिरा. तिला मिठी मारायला कोण होतं? इलारिओही तिला शिकवून दमला. पुढे पुढे तर तो नुसता लांबून हात करायचा. ती फेसातल्या लाटा पकडायची, पोटावर, मग एका गुडघ्यावर. एकदा मी वाकून बर्फ किसत होते, तर ती धापा टाकत गाडीपाशी आली. "मी उभी राहिले."

"कधी?"

"आत्ता. पूर्ण उभी."

"अगं, मी खाली बघत होते."

तिने मागे वळून किनाऱ्याकडे पाहिलं, कोणी तरी बघितलं असेल म्हणून. कोणीच नव्हतं. "जाऊ दे," ती म्हणाली आणि फळी उचलून घरी गेली. मला फार वाईट वाटलं.

शेवटी एका सकाळी समुद्र शांत होता, धुकंही विरळ होतं. इलारिओ म्हणाला, "चल मावशी, आज जाऊ." दोघं दोन फळ्यांवर निघाले. मी गाडी तशीच टाकून पाण्याच्या कडेला गेले. पहिली लाट हिच्या डोक्यावरून गेली. दुसरीने हिला फिरवून मागे आणलं. तिसरीच्या आधी इलारिओ काहीतरी ओरडला आणि ही अशी हात मारायला लागली, जसं काही मागे कुत्रं लागलंय. चढली लाटेवर, दिसेनाशी झाली, आणि एकदम पलीकडे सपाट पाण्यात दिसली. मी टाळ्या वाजवल्या. कोणाला ऐकू जाणार होत्या?

थोड्या वेळाने इलारिओ एकटाच परत आला. "बसलीये. मजेत आहे. मला म्हणाली, तू हो पुढे. परतीचं जमतं तिला, काळजी करू नकोस." आणि तो आपल्या शाळेकडे गेला.

मी उभी राहिले. घोडे आले, बायका आल्या, मासे घेऊन गेल्या. जाताना एकीने विचारलं, "मेचे, तू कोणाची वाट बघतेस?" मी तिला सरळ केलं. धुकं गेलं, ऊन तापलं. ती तिथेच, एक काळा ठिपका. मी टोपी काढून हलवली. गाडीची लाल छत्री उपटून आणली आणि तीही हलवली. ठिपका हलला नाही. पाय दुखायला लागले, कंबर धरली. आधी राग आला, मग भीती वाटली, मग पुन्हा राग. मेली की जिवंत आहे? गार पाण्यात हात-पाय आखडले असतील का? इलारिओला दामटून पाठवलं, तो जाऊन परत आला. "म्हणते, येते थोड्या वेळाने." थोड्या वेळाने! माझा सगळा बर्फ वितळून वाळूत गेला होता.

ऊन डोक्यावर आल्यावर ती आली. उभी वगैरे नाही, गुडघे दुमडून टाचांवर बसलेली, एका लाटेवर सरळ नाकासमोर, आमच्या कोळ्यांसारखी. आणि उतरली मात्र मागच्या बाजूला, शिकवल्याप्रमाणे.

"भवाने!" मी ओरडले. "मेलीस की काय वाटलं मला! लाज नाही वाटत? माझे पाय बघ, खांब झालेत! काय होतं तिथे एवढं?"

ती फळीवर बसली. ओठ निळे पडले होते. "काही नाही, मेचे. काहीच नाही. पाणी आहे. लाट खालून जाते, आपल्याला उचलते, परत खाली ठेवते. कोणी काही विचारत नाही. इतकं बरं वाटतं की काय सांगू."

"मग झालं तर! सुटला ना तुझा प्रश्न? बरं वाटायचं म्हणून बसायचा तो. तुझ्यापासून कशाला पळेल?"

तिने मान हलवली. "मी तुला बघत होते."

"मला?"

"बसलं की फळी आपोआप फिरते. कधी तोंड तिकडे, कधी इकडे. इकडे झालं की सगळं दिसतं. धक्का, चर्च, तू. टोपी हलवलीस ती दिसली. मग छत्री हलवलीस. तू घाबरलीयेस हे कळत होतं मला. तुझे पाय दुखत असतील हेही मनात आलं. आणि तरी मला यावंसं वाटलं नाही. आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ, असं करत बसून राहिले."

हातातली छत्री मी मिटून वाळूत ठेवली.

"मी रोज हात हलवायचे त्याला, बारा वाजेपर्यंत. घरी आला की विचारायचे, दिसतो का रे माझा हात? तर म्हणायचा, छे, तिथून किनारा दिसत नाही." तिने पाण्याकडे पाहिलं. "स्वच्छ दिसतो गं. रोज दिसत होते मी त्याला."

मग ती रडली. वर्षाच्या मिस्सेला रडली नव्हती, दफनाच्या दिवशीही नव्हती, ती तिथे वाळूत बसून तोंड उघडं टाकून रडली. मला आधी तिचा राग आला, मग सातुर्निनोचा, आणि नंतर कोणाचा ते कळेना. मी तिच्या पाठीवरची सुटाची चेन ओढत राहिले. ती अडकली होती. काहीतरी करायला मिळालं म्हणून मला बरंच वाटलं.

बऱ्याच वेळाने ती नाक पुसून म्हणाली, "उद्या माझ्यासाठी उभी राहू नकोस."

"म्हणजे? उद्या परत जाणार आहेस तू?"

"जाणार."

"खड्ड्यात जा," मी म्हटलं.

आता ती रोज जाते. म्हाताऱ्यांना सवय झालीये, बेलिसारिओ तर लांबून हात करतो. ती परत कधी येईल याचा नेम नसतो. कधी दहाला येते, कधी बाराला. मी विचारत नाही आणि ती सांगत नाही. आणि मी उभीही राहत नाही, तिने नको म्हटलंय ना. घरून एक स्टूल आणलंय, त्यावर बसते.